बाटली रिकामी होती

प्रिय जयवंत,

या पाच आठवड्यांत तुझा फोन चार वेळा येऊन गेला आणि चारही वेळा मी तो नुसता वाजू दिला. तब्येत कशी आहे एवढंच तुला विचारायचं असणार, म्हणून आधी तेच सांगते. स्टेंट गेल्या मंगळवारी काढला. खडा आठ मिलिमीटरचा होता. उजवी किडनी वाचली, पण ती पहिल्यासारखी राहिलेली नाही असं डॉक्टर म्हणतात. मुलुंडच्या शाळेत परत रुजू झालेय. रोज तीन लिटर पाणी पिते आणि दर तासानंतर वर्गातून पळते. मुलं हसतात. हसू देत.

फोनवर मला हे जमलं नसतं. तू मध्येच "सोड गं, झालं ते झालं" म्हणाला असतास आणि मी सुटले असते. म्हणून लिहितेय.

ट्रेकचा तो रविवार तुलाही विसरता येत नसेल. नमिता आणि श्वेता आदल्या दिवशी गळाल्या आणि चौदा पुरुषांत मी एकटी बाई उरले. तू विचारलंस, "येतेस ना नक्की?" मी म्हटलं, म्हणजे काय. पायथ्याच्या गावात तू प्रत्येकाची सॅक उघडून तीन-तीन लिटर पाणी आहे ना, ते बघितलंस. नऊच्या सुमारास आपण डोंगराच्या सोंडेला लागलो. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना दरी, गवत गुडघ्याएवढं. झाड नाही की आडोशाला मोठा दगड नाही. दर अर्ध्या तासाने तू सगळ्यांना थांबवून पाणी प्यायला लावत होतास. तुझी आई वर्सोव्याच्या बाजारात मासळीवर पाणी मारते तसा तू आमच्यामागे लागतोस, असं चंदू म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

साडेअकराला पाठीत उजवीकडे कळ आली. बरगडीखालून निघून पुढे जांघेपर्यंत उतरली. बसवेना, उभं राहवेना. मला उलटी झाली तेव्हा तू धावत मागे आलास. मी म्हटलं, पित्त झालंय. तू मला सोंड संपते तिथल्या कड्याच्या सावलीत नेलंस, ओआरएस दिलंस, तेही उलटून पडलं. मग तू माझ्यासमोर उकिडवा बसून हळूच विचारलंस, "हेमांगी, खरं सांग. आधी कधी असं झालंय?"

मी म्हटलं, "नाही रे. उपाशी निघाले ना, म्हणून."

तू विश्वास ठेवलास आणि पित्त उतरायची वाट बघत आपण तासभर तिथे थांबलो. त्या तासानंतर मला थंडी वाजायला लागली. भर दुपारी दात वाजत होते. मग तू आणि चंदूने आळीपाळीने मला पाठीवर घेतलं. अल्पेश जीप बघायला पुढे पळाला. मुरमाड उतारावर तुझा पाय घसरला, गुडघा दगडावर आपटला, तरी तू मला खाली पडू दिलं नाहीस. कानाशी तुझा श्वास ऐकू येत होता. मला वाटत होतं, आत्ता सांगावं. आत्ता. खाली पोचायला चार तास लागले आणि त्या चार तासांत मी सांगितलं नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काय झालं ते मी ऐकलंय, जयवंत. दार उघडंच होतं. माझा नवरा, सुयोग, तुझ्या अंगावर ओरडला. "दोन वर्षांपूर्वी हिला मूतखडा झाला होता हे माहीत असून तुम्ही तिला तासभर उन्हात बसवलंत? पाणीसुद्धा दिलं नाहीत?" तेव्हा तू दारातून माझ्याकडे पाहिलंस. ट्रेकच्या फॉर्मवर पूर्वीच्या आजारांसमोर मी 'काही नाही' लिहून सही केली होती. आजार लिहिला असता तर तू मला नेलं नसतंस. ते सगळं तुला त्या एका क्षणात कळलं. तो फॉर्म तुझ्या सॅकमध्येच होता. तू तो काढला नाहीस. म्हणालास, "माझं चुकलं." आणि लंगडत निघून गेलास.

पुढचं मला ग्रुपवरून समजलं. ट्रेकिंग मंडळाने तुझं लीडरपण काढून घेतलं, आणि वीस वर्षं तू घेत आलास ती मुलांची शिबिरंही. मी तो मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

फॉर्मचं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता लिहिते. दहाच्या थांब्याला तू सगळ्यांना बाटल्या वर धरायला सांगितल्यास. माझी एक पूर्ण रिकामी होती आणि तू म्हणालास, "शाब्बास, हिच्याकडून शिका." ते पाणी मी प्यायलेच नव्हते. रांगेत शेवटी राहून, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून मी ते गवतात ओतलं होतं. आदल्या संध्याकाळपासून मी जेमतेम कपभर चहा घेतला होता. कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि त्या सोंडेवर चौदा जणांना "तोंड फिरवून उभे राहा" म्हणायची मला लाज वाटत होती. तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी सोय केली असतीस, हेही मला ठाऊक होतं. मी दर ट्रेकला हेच करत आलेय. बहुतेक पहिला खडाही त्यातूनच झाला.

आज सकाळी सुयोगला सगळं सांगितलं.  त्याने तुझा नंबर मागितला आणि चहा न घेताच तो कामाला गेला. या रविवारी घाटकोपरच्या हॉलमध्ये मंडळाची सभा आहे. अध्यक्ष म्हणून भाऊरावांकडे मी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. सगळ्यांसमोर हेच पत्र मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचणार आहे, बाटलीचा भागही. ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जायच्या आधी तुझ्या हातात पडावं, म्हणून आज पाठवतेय. तू यावंस असं फार वाटतं. नाही आलास तरी मी वाचणार आहे.

तुझीच मैत्रीण,
हेमांगी