कोडीवाल्या काकूंची लिंक

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी खोली, नवी डायरी, सगळं एकाच दिवशी. वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर, जिन्यामागे माझं ऑफिस आहे: एक टेबल, एक कंप्युटर आणि बसलं की कुरकुरणारी खुर्ची. लागूनच माझी झोपायची खोली. आई दोन जिने वर, सात नंबरमध्ये. खरं तर तिच्यासाठीच ही नोकरी धरली. आल्या आल्या तिने खिडकीशी खुर्ची ओढून शब्दकोडं सुरू केलं आणि दुपारपर्यंत तिचं नाव ‘कोडीवाल्या काकू’ पडलंसुद्धा. इथे सगळ्यांना टोपणनावानेच ओळखतात.

काम सोपं आहे. आश्रमाच्या वेबसाइटवर ‘आठवणी’ नावाचं एकच लांबलचक पान आहे. इथे राहून गेलेल्या प्रत्येकाचा त्यात एक परिच्छेद: खोली, सवयी, शेवटचा दिवस. दोनशे चौदा माणसं, एकाखाली एक. आपले वडील शोधता शोधता नातेवाइकांची बोटं दुखतात, अशा तक्रारी आहेत. म्हणून मी प्रत्येक परिच्छेदाला आतून एक खूण लावायची आणि पानाच्या सुरुवातीला यादी करून प्रत्येक नावाला त्याच्या खुणेची लिंक द्यायची. नावावर क्लिक केलं की पान थेट त्या माणसापाशी जाऊन थांबणार.

माझ्याआधी हे काम करणाऱ्या बाईंनी कंप्युटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. ‘आधी खूण, मग लिंक. उलट कधीच नाही.’ भलत्याच शिस्तीच्या दिसतात.

बुधवार, ५ तारीख

चाळीस माणसं झाली. काम कमी आणि वाचन जास्त, असं चाललंय. बुद्धिबळवाले आजोबा हरायला लागले की पट उलटवायचे. रेडिओवाल्या मावशी बातम्या देणाऱ्याशी वाद घालायच्या. हे कोण लिहितं, असं व्यवस्थापकांना विचारलं, तर ते म्हणाले की ते आधीपासूनच आहे, आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागले.

जेवणानंतर जरा गंमत केली. खूणच नसली तर लिंक कुठे जाते, ते बघायचं होतं. यादीच्या शेवटी ‘कोडीवाल्या काकू’ लिहून लिंक दिली. क्लिक केलं. जायला जागाच नाही, त्यामुळे पान जागचं हललं नाही. वर जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “इतक्यात नको घालूस मला यादीत. अजून उभे शब्द राहिलेत.” दोघी पोट धरून हसलो.

शुक्रवार, ७ तारीख

ती लिंक काढायची राहूनच गेली होती. काढण्याआधी सहज क्लिक केलं, तर पान सरसर खाली गेलं आणि पार तळाशी थांबलं. तिथे दोनशे पंधरावा परिच्छेद होता. ‘कोडीवाल्या काकू. खोली सात. खिडकीशी बसतात. शब्द अडला की पाय हलवतात.’ त्याखाली ‘शेवटचा दिवस’ असा मथळा, आणि पुढे रिकामं.

कुणीतरी माझी फिरकी घेतली असणार, असं वाटलं. पण पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. परिच्छेद पुसला, लिंकही पुसली.

आई आज जेवली नाही. जागा बदलली की होतं असं, असं सिस्टर म्हणाल्या.

शनिवार, ८ तारीख

दोन्ही परत आलेत. वर दोन वाक्यं जास्त. ‘शुक्रवारपासून अन्न तुटलं. मुलगी शेजारी बसून भरवते.’

काल रात्री मी दोन घास भरवले होते. दार लावलेलं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

पुन्हा पुसलं. चहा घेऊन येईपर्यंत पुन्हा हजर. मला भीती वाटते आहे. लिहून टाकलेलं बरं.

सोमवार, १० तारीख

आईला ताप. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

आधीच्या बाईंना फोन लावला. आधी खूण लावलीत की लिंक दिलीत, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग म्हणाल्या, “लिंक दिलीत ना, मग ती कुणावर तरी उतरणारच. पुसून जात नाही. खूण काढून दुसऱ्या कुणाला लावता येते, तेवढंच.”

तुम्ही कुणाला लावलीत, असं विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

मंगळवार, ११ तारीख

आठ नंबरच्या आजोबांचा परिच्छेद लिहायला घेतला. त्यांना भेटायला कुणी येत नाही, म्हणून. दोन ओळी झाल्या. मग ते जिन्यात भेटले, आई कशी आहे विचारलं —

पुसल्या. स्वतःची लाज वाटली.

मग स्वतःचा लिहिला. तळमजला. जिन्यामागची खोली. आईची खूण काढून मला लावली. क्लिक केलं. पान माझ्यापाशी थांबलं.

बुधवार, १२ तारीख

आईचा ताप उतरला. ताट साफ केलं तिने. मला जिन्यात दोनदा बसावं लागलं. खाली येऊन पाहिलं, तर माझ्या परिच्छेदात लिहिलेलं: ‘जिन्यात दोनदा बसते.’

आईने चेहऱ्यावरूनच ओळखलं. खोदून खोदून विचारलं, शेवटी सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. दाखव म्हणाली. इतक्या दिवसांनी ती पायावर उभी होती, मी काहीही दाखवलं असतं. खूण कुठे असते, कशी काढायची, कुठे लावायची — तिने दोनदा विचारून घेतलं.

शुक्रवार, १४ तारीख

उठवत नाही. माझ्या ‘शेवटच्या दिवसा’पुढे लिहून आलंय — शनिवार.

असू दे. आईला कळू द्यायचं नाही.

शनिवार, १५ तारीख

बरं वाटतंय. एकदम. सकाळी उठून बसले, भूकसुद्धा —

ऑफिसचं दार उघडं. टेबलावर आईचा चष्मा.

क्लिक केलं. पान माझ्यापाशी थांबत नाही. आईपाशी जातं. सात नंबर.

‘शेवटचा दिवस: शनिवार. दोन जिने एकट्या उतरल्या. खूण आपल्याकडे घेतली. वर जाऊन खिडकीशी बसल्या. मुलगी जिना चढून आली आणि —’

वाक्य पुरं नाही. खूण काढायला जाते तर निघत नाही. मी —

मी चढलेच नाही तर? चढले नाही तर हे पुरं होणार नाही. इथून उठायचं नाही. खुर्ची घट्ट धरली आहे. लिहीत राहायचं.

सिस्टर हाक मारताहेत. जायचं नाही.

आता आई. तिचाच आवाज. पाणी मागते आहे. पुन्हा. आई, नको ना गं — माझं नाव घेऊन बोलावू नकोस —