हाक ऐकू आली नाही

प्रिय टोळ,

तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी पत्रा ठोकत होतो. सध्या एसीच्या हवेच्या नळांचं काम आहे. दिवसभर हातोडी चालते आणि डावा कान आता नावापुरता उरलाय. मी काही बोलेना, म्हणून तिला वाटलं काका रागावले. मग तिने ओरडूनच विचारलं, काका, तुमचा वाढदिवस कधी असतो? म्हटलं, कशाला? तर म्हणाली, यादीत टाकायचाय. तारीख सांगितली. म्हणजे बावन्न पूर्ण, असं तिने लगेच हिशेब करून सांगितलं, आणि मला बरं वाटलं. आपल्यासारख्यांचे वाढदिवस आयांनाही महिना आठवून सांगावे लागायचे.

ती रोज सकाळी नेटवर दिनविशेष टाकते ते तू वाचत असशीलच. आजच्या दिवशी कुठलं यान पहिल्यांदा पडद्यावर उडालं, कुठल्या हिरव्या कातडीच्या सेनापतीचा जन्म, कुठल्या मालिकेला चाळीस वर्षं. मला आवडतं ते वेगळंच. मुखवट्याच्या आत कोण होतं, हे ती शोधून काढते आणि त्याचंही नाव घालते. एका राक्षसाच्या शेपटीत बसणाऱ्या माणसाचा वाढदिवस तिने टाकला होता. शेपटीतला माणूस! हे तुझ्यावरच गेलंय, नको तिथे उडी मारणं. तर परवा तिने येत्या रविवारची नोंद मला वाचून दाखवली. पाठ झाली आहे, म्हणून लिहितो. ‘आज नायकाचा साठावा वाढदिवस आणि मालिकेच्या शेवटच्या भागाला पंचवीस वर्षं. याच भागातल्या मारामारीत, नायकाच्या जागी लढताना, माझ्या बाबांचा डावा डोळा गेला. बाबांनी थांबण्याची हाक दिली होती. पहारेकऱ्याच्या हेल्मेटमध्ये ती ऐकू आली नाही.’ मग तिने विचारलं, बरोबर आहे ना काका? मी म्हटलं, बरोबर. आणि पुन्हा पत्रा ठोकायला लागलो. त्या दिवशी तीन पत्रे वाया घालवले.

रविवारी मालिकेच्या आठवणींचा कार्यक्रम आहे आणि आपण दोघांनी एकत्र स्टेजवर यायचंय, तू माझ्या गळ्यात हात टाकायचा, असं तिने ठरवलंय. तू हो म्हणालास म्हणे. म्हणून त्याआधी हे लिहायला बसलो. मला पत्र लिहिता येत नाही. जे जसं आठवेल तसं लिहितो.

आपल्याला मारामारी शिकवणारे मास्टर आठवतात. ते दोन्ही अर्थांनी नावं ठेवायचे. तू उड्या मारायचास म्हणून टोळ, माझी मान जाड म्हणून रेडा. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्याला रांगेत उभं करून एकेकाच्या थोबाडीत मारली होती. का, ते विचारायचं नव्हतं. मग म्हणाले, आता लागलं कसं ते कळलं, आता न लागता कसं मारायचं ते शिकवतो. सहा महिने आपण त्या जुन्या शीतगृहाच्या शेडमध्ये एकमेकांना बडवत होतो. माझा अंगठा दोनदा निखळला. तुझे पुढचे दोन दात पडले तेव्हा तू ते खिशात टाकलेस आणि म्हणालास, मोठ्या नटांचे विकले जातात, माझेही जातील एक दिवस. मास्टर हाताची वीत करून दाखवत फिरायचे. फटका आणि माणूस यांत वीतभर अंतर. कॅमेरा बाजूला लावला की ती वीत दिसत नाही. आपलं पोट त्या न दिसणाऱ्या वितेवर आहे, असं सांगायचे. जो वीत चुकवायचा त्याला ते त्याच जागी, त्याच जोराने, स्वतः मारून दाखवायचे.

आणि दुसरी गोष्ट, नावाची. मालिकेत सगळे कैदी सारखे विव्हळायचे. थांब, पुरे, सोड, मेलो, हे सगळे संवादच होते. लाल ग्रहावरच्या खाणीत लोखंडी पहारेकऱ्याने, म्हणजे मी, माणसांना मारायचं आणि माणसांनी गयावया करायची, दर आठवड्याला तेच. मग खरंच लागलं तर कळणार कसं? म्हणून मास्टरांनी नियम केला. शेडमध्ये कुणी कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही. टोळ, रेडा, जे काय असेल ते. खरं नाव कानावर पडलं की हात जिथे असेल तिथे थांबवायचा, मग निर्माता मेला तरी चालेल. गंमत म्हणून एकदा कुणीतरी कुणाला नावाने हाक मारली, तर मास्टरांनी त्याचं डोकं पाण्याच्या पिंपात बुडवून धरलं होतं. आपण वर ओढला तेव्हा तो निळा पडला होता. त्यानंतर कुणी चुकूनही नाव घेतलं नाही. घरी आई नावाने हाक मारायची तर मी दचकायचो.

आगीचा शॉट झाला तो दिवस तुला आठवतोच. तू मला लाथा घालत होतास आणि माझ्या पोशाखाच्या आत, पाठीमागे, फोम पेटला. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी तुझं नाव घेतलं. तुझा पाय हवेत होता, टोळ. तू तो हवेतच थांबवलास आणि स्वतः पाठीवर आपटलास, आणि तसाच सरपटत येऊन माझी बक्कलं तोडलीस. दोन बोटांची नखं गेली तुझी. माझी पाठ अजून ताणते थंडीत. नंतर तू म्हणालास, मी हाक मारली असती तर या डब्यात तुला ऐकू गेली नसती रे. दुसऱ्या दिवशी तू गिरमीट घेऊन आलास आणि माझं हेल्मेट मांडीवर घेऊन दोन्ही कानांच्या जागी भोकं पाडलीस. पाडून झाल्यावर मला घालायला लावलंस, शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलास आणि हळूच शिवी दिलीस. मी तिथून उलट शिवी दिली. तू नाचलास.

आता शेवटच्या भागाआधीचा महिना. तुला पुढच्या पर्वात नायकाचा धाकटा भाऊ करणार होते. डुप्लिकेट म्हणून नाही, तोंड दाखवून. टायटलमध्ये तुझं खरं नाव येणार होतं. आपण दोघं एकाच दिवशी त्या दारातून आत आलो होतो, एकाच हाताची थप्पड खाऊन. मी तुला मिठी मारली आणि ती खरी होती. रात्री झोप लागली. जळत होतो असं नाही, निदान मला तसं कळत नव्हतं. मग शूटिंगच्या सकाळी मी पोशाख चढवत होतो आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, अरे, रेड्याच्या डब्यावर नाव तरी लिहा, नाहीतर कुणी घरी नेऊन पीठ भरून ठेवेल. लोक हसले. नायक इतका हसला की त्याचा मेकअप पुन्हा करावा लागला. मीही हसलो, पण हेल्मेट घातलेलं होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. विनोद काही वाईट नव्हता. तू याहून वाईट करायचास आणि मी तुला लाथ घालायचो, संपलं. त्या दिवशी लाथ घातली नाही. ठेवून दिली.

मारामारीत तीन वार होते. पहिला खांद्यावर, तो रबरी दांड्याने खराच बसायचा. दुसरा कानाच्या बाजूने, वीतभर सोडून. तिसरा जमिनीवर. तिसऱ्या टेकला रबरी दांडा वाकला आणि गडबडीत कुणीतरी माझ्या हातात क्लोजअपचा लोखंडी दिला. हातमोजे जाड होते, वजन कळलं नाही. हे मी देवाशपथ खरं सांगतो, पहिल्या वारापर्यंत मला माहीत नव्हतं. दांडा बसला आणि खडीवर पाय पडावा तसा आवाज झाला. तुझा हात लोंबला. गळ्याजवळचं हाड कातडीखालून वर आलेलं मी जाळीतून पाहिलं. आणि तू हाक मारलीस.

मास्टरांनी चौकशीत सांगितलं, डब्यात ऐकू येत नाही. मीही तेच सांगितलं. तू दवाखान्यात, जबडा तारेने बांधलेला असताना, पाटीवर लिहून तेच सांगितलंस. वहिनींनी ती पाटी मला दाखवली आणि म्हणाल्या, भावजी, तुमचा काय दोष, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या हातात तुझ्या डोळ्याच्या पट्ट्या होत्या, धुवायला काढलेल्या. मी त्यांच्याकडून घेऊन त्या धुतल्या. पाणी तीनदा बदलावं लागलं.

चौकशीनंतर मास्टर मला शेडमागे घेऊन गेले. तो वाकलेला रबरी दांडा त्यांनी ठेवला होता. त्यानेच मला मारायला लागले. आधी पायांवर, मग बरगड्यांवर, मग मी खाली पडल्यावर पाठीच्या भाजलेल्या जागेवर. साठीचा माणूस, धापा टाकत होता, थांबत होता आणि पुन्हा मारत होता. मी मध्येच त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली. आयुष्यात एकदाच. ते थांबले. दांडा टाकला आणि म्हणाले, बघ, मला ऐकू आलं. बस, एवढंच. नंतर वारेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मी तेव्हापासून कुणावर हात उचललेला नाही. पत्र्यावर उचलतो.

दरवर्षी त्या तारखेला ती मारामारी दाखवतात. खाली प्रतिक्रियांत लोक वाद घालतात की कैदी नेमकं काय म्हणतोय. आवाज नंतर भरलेला आहे, ‘दया कर’ असं ऐकू येतं, पण ओठ जुळत नाहीत. तुझ्या लेकीने ती चित्रफीत सावकाश फिरवून ओठ वाचले आणि बाबा काकांचं नाव घेतायत हे तिने ओळखलं. हुशार आहे पोरगी. पण तिने तुझेच ओठ पाहिले. एकदा माझे हात पाहायला सांग. तू नाव घेतल्यावर दांडा वर जातो आणि वर गेल्यावर थांबतो. आपला जुना हिशेब, एक, दोन. तेवढा वेळ थांबतो. यंत्र मुद्दाम थांबलं, काय भीती वाटते, असं लोक लिहितात. मग दांडा खाली येतो.

ती दोन मोजेपर्यंतची वेळ मी तुला सांगायला हवी होती. तू माझं नाव घेतलंस आणि मला बरं वाटलं, टोळ. इतक्या लोकांत, दिव्यांखाली, कुणीतरी माझं नाव मोठ्याने घेतलं होतं, आणि ते तू होतास, आणि तुला माझी गरज होती. आता कर विनोद, असं मनात आलं. याच शब्दांत आलं. मग मी वीत काढून घेतली.

रविवारसाठी तिने ते हेल्मेट कुठल्यातरी संग्राहकाकडून मिळवलंय. फोनवर सांगत होती की रंग उडालाय, जाळी गंजलीय, पण कानांजवळ दोन गोल भोकं आहेत, तिची करंगळी आत जाते. काका, ही कशाला होती? मी म्हटलं, हवेसाठी. ती म्हणाली, बाबांनाही विचारलं, तेही म्हणाले हवेसाठी. तेव्हा मी हातातली हातोडी खाली ठेवली. तुझ्या हातची भोकं आहेत ती. एवढ्या वर्षांत मला एकदाही सुचलं नाही की ज्याने ती पाडली, त्याला मला ऐकू आलं होतं हे पाटीवर लिहितानाही माहीत होतं. तू हे कुणासाठी सांभाळलंस ते मी विचारणार नाही. मला तो अधिकार नाही. माफीही मागत नाही, कारण मागितली तर तू देशील आणि ती मला चालणार नाही. एक काम कर. तुझ्या लेकीला शेजारी बसव, हे पत्र तिला दे, आणि रविवारची नोंद दुरुस्त करायला सांग. फार काही बदलायचं नाही. ‘पहारेकऱ्याच्या हेल्मेटमध्ये ती ऐकू आली नाही.’ त्यातला शेवटचा शब्द खोडायचा. नंतर तुला वाटलं तर स्टेजवरून मला हाक मार, नाही वाटलं तर नको. मी दाराशी, उजवा कान स्टेजकडे करून उभा असेन. त्या कानाने अजून ऐकू येतं.

तुझाच,
तू त्या दिवशी ज्याला हाक मारलीस तो