पिनकोडवरून मोजलेलं सासर

दादा, काल जालन्याला तुमच्या नातवाच्या ऑफिसात बसले होते. तुम्ही त्याला पाहिलं नाही. बियाण्यांच्या गाड्यांचं भाडं ठरवायचं काम आहे त्याचं. संगणकात दोन पिनकोड टाकले की मधलं अंतर येतं. मी म्हटलं, "माझ्या माहेरचा टाक, अन् आपल्या गावचा टाक." आकडा इतका कमी, की मला खरंच वाटेना. तो म्हणाला, "आई, हे सरळ रेषेतलं हाय. रस्ता न्हाई धरत ते."

तुम्हीही तसंच धरलं होतं. माझं स्थळ आलं तेव्हा मुलाकडचं पोस्टकार्ड घेऊन बदनापूरच्या घरात तुम्ही आईला सांगताय, "पहिले चार आकडे बराबर आपलेच हायेत. जवळच पडतंय. सकाळी निघालं की जेवायला पोरीकडं." आई चुलीपुढून विचारते, "कधी गेल्ते का तिकडं?" तुम्ही नुसते हसता. नंतर तुम्ही तापानं पडलात, म्हणून घर पाहायला काका जीपनं जाऊन आले. घर चांगलं आहे म्हणाले. रस्त्याचं कुणी विचारलंच नाही.

पहिल्या पंचमीला मला न्यायला आलात. मी दुपारपासून वाट पाहतेय आणि तुम्ही दिवस मावळताना दारात. जालना, अंबड, घनसावंगी अशा गाड्या बदलत, जांब समर्थपासून पुढं काळ्या चिखलातून पायी. धोतर गुडघ्यापर्यंत भरलेलं. जेवताना खाली मान घालून म्हणालात, "लई लांब टाकलं बाई तुला." सासूबाई म्हणाल्या, "खुरपणी चालू हाय, आता न्हाई जमायचं. मंग दिवाळीला धाडू." तुम्ही मान हलवली. सकाळी एकटेच निघालात.

दिवाळीआधीच तुम्ही गेल्याचा सांगावा आला. मी पोचले तेव्हा लोक तुम्हाला पोचवून, अंघोळी करून ओट्यावर बसले होते. आई म्हणाली, पंचमीहून आल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक लिहिते. मी रागावले नव्हते, दादा. त्या सकाळी तुम्ही पिशवी उचललीत आणि मी मुद्दाम परसात भांडी घासायला गेले. दारात उभी राहिले असते, तर तुमच्या मागं चालू लागले असते.