मामांच्या गाडीतला बोलणारा टेप

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आज परत फाटा चुकला. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा, आज दुसऱ्यांदा. सेनगाव सोडलं, साखऱ्याकडे वळायचं, तर मामा सरळ रिसोडच्या रस्त्याला लागले. आधी मला वाटलं पेट्रोल टाकायचं असेल. मग म्हटलं, "मामा, शाळेचा फाटा मागं राहिला."
ब्रेक. म्हणाले, "ह्या रोडवाल्यांनी निंब तोडलं, फाटाच दिसून नाही राहिला."
निंब तोडून वर्ष झालं. त्यानंतर रोज वळलोय तिथं.
परिपाठ बुडाला. हेडसरांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. सत्तावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस आपल्याच सुनेच्या शाळेचा रस्ता चुकतो, हे त्यांना काय सांगू?

बुध. ५
आज बरोबर वळले. सेनगावपासून माझं सगळं लक्ष त्यांच्या स्टिअरिंगवर. वळले तेव्हा हायसं वाटलं, मग आठवलं, परतीला मामा एकटे जाणार.
मला सोडून ते रिकामी गाडी घेऊन हिंगोलीला घरी जातात आणि संध्याकाळी परत न्यायला येतात. जाताना मी शेजारी असते. येताना कोण?
यांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतील. बापाशी बोलायचं कसं ते नवऱ्याला येतच नाही, हुकूम सोडतात. आत्याबाई, सासूच त्या, म्हणतील, सुनेनं सासऱ्याला गाडीवरून उतरवलं. आणि खरं लिहायचं तर मामा उतरले की मीपण उतरले. साखऱ्याला शाळेच्या वेळेवर पोचवणारी बस नाही. गाडी शिकले नाही, ती चूक माझी.
न सांगावं तर शाळेसमोर रस्त्यावर लेकरं असतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनि. ८
एक युक्ती सुचली. गाडीचा टेप कधीचा मेलाय, तिथं नकाशा दाखवणारा, रस्ता बोलून सांगणारा सेट बसवायचा. मामांना कोणी काही म्हणायला नको, आणि फाटाही चुकायला नको.
हे नांदेडच्या नोकरीवरून आले. जेवताना विषय काढला.
हे : "तुझ्या मोबाइलमध्ये नकाशा आहे की. आणि रोजचा रस्ता, नकाशा कशाला?"
मामा : "टेप पाहिजे व्हय? घ्या की. भजनं लागतील."
आत्याबाई : "शाळेत जाऊन राहिली का सिनेमाला?"
सगळे हसले. मामासुद्धा. ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच पोट धरून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

रवि. ९
अकोला रोडवरच्या दुकानात गेलो. मी आणि हे. भिंतीला एकाशेजारी एक वीस स्क्रीन, सगळ्यांवर तोच एक धबधबा. दुकानवाला भाई गोड बोलणारा. नऊ इंची, दहा इंची, दोन जीबी, चार जीबी. आपल्या गाडीला फ्रेम वेगळी लागेल म्हणाला, तारांचा जोड वेगळा लागेल म्हणाला. यांचं सगळं लक्ष आवाजाकडे. बेस वाढवून बघत बसले. दुकानाची काच थरथरली तेव्हा चेहरा उजळला.
मला फक्त एकच विचारायचं होतं : मोबाइल न जोडता, सेटमध्येच सिम टाकून नकाशा चालतो का? कारण मामांकडे बटणाचा फोन. मी शाळेत उतरले की माझा मोबाइल माझ्याबरोबर जाणार.
भाई : "मॅडम, मोबाइल जोडायचा. सस्ता, मस्त. सिमवाला काहून घेता? तुमी तर गाडीतच बसता ना?"
हे : "तेच म्हणतो मी."
 "राहू द्या, बघू" म्हणून बाहेर आले. हे रस्ताभर, "तुझं तुलाच कळत नाही काय पाहिजे." मला पक्कं कळतंय. बोलता येत नाही, एवढंच.

मंगळ. ११
आज वळले. पण त्याआधी गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. 

गुरु. १३
मधली सुट्टी सगळी या सेटपायी गेली. यांनी नांदेडहून आठ फोटो पाठवले, सगळे मोठ्या आवाजाचे. शाळेतल्या शिंदेबाई म्हणतात, सिमवाला घेऊ नका, गरम होऊन बंद पडतो. त्यांच्या भावाने घेतला होता. त्यांचा भाऊ म्हणतो (फोनवर), सिमवालाच घ्या, पण या कंपनीचा नको. कोणत्या कंपनीचा, ते सांगेना. म्हणे, ध्यानात न्हाई.
साखऱ्याच्या अलीकडे रेंज जाते. म्हणजे नकाशा आधीच उतरवून ठेवता आला पाहिजे. हे कोणत्याही फोटोखाली लिहिलेलं नाही. किती रंगांचे दिवे लागतात ते मात्र सगळ्यांखाली लिहिलंय.
गाडी अकरा वर्षांची. नाकापेक्षा मोती जड व्हायची वेळ.

रवि. १६
घेतला. सिमवाला, नऊ इंची. यांच्याशी भांडून. कारण दिलं की पुढच्या वर्षी बदली झाली तर नवीन गावाचे रस्ते माहीत नसणार. बदलीचं खोटं बोलले, तोंडातून निघालं तेव्हाच जीभ चावली.
बसवायला तीन तास. मामा सोबत आले होते, स्टुलावर बसून डॅशबोर्ड उघडा पडलेला बघत होते. इतक्या तारा बघून म्हणाले, "माणसाचं पोट फाडल्यावाणी दिसून राहिलं."
मग भाई म्हणाला, "बाबा, बोलून बघा. जिथं जायचं ते बोला."
मामा घसा साफ करून, एसटीच्या जुन्या पाटीवर असायचं तसं : "बसमत."
सेटमधली बाई म्हणाली, जवळपासची बासमती तांदळाची दुकानं, आणि चार दाखवली.
दुकानात हशा. भाई म्हणाला, वसमत बोला बाबा, वसमत. मामांनी मान हलवली. "सत्तावीस वर्सं बोर्डावर बसमत होतं. हिला कोणी सांगितलं न्हाई व्हय?" मग मला म्हणाले, "चल सूनबाई, हिला आदी आपला मुलूख दाखवू."
हे हसत होते. मला हसू आलंच नाही. मामा बासमतीला हसले, पण बोटं मांडीवर घट्ट मिटलेली होती.

सोम. १७
पहिला दिवस. मी बोलले, "साखरा." बाईने कुठला तरी विदर्भातला साखरा काढला, चार तास दाखवले. मग सेनगाव घातलं, मग आपला साखरा आला. या एका गोष्टीत दहा मिनिटं. मामा इंजिन चालू ठेवून बसलेले.
रस्त्यात बाई बोलली, "तीनशे मीटरनंतर डावीकडे वळा."
मामा : "ही बाई पुण्याची दिसती. मला शिकवू नको, बाई."
पण वळले. बाईने सांगितल्यावर लगेच. मी खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसू नये. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शुक्र. २१
पाच दिवस, एकदाही चुकले नाहीत. भांडण मात्र रोज. नवा पूल बाईला ठाऊक नाही, जुन्या रस्त्याने जा म्हणते. मामा खुश. "बघ, चुकली! चुकली का न्हाई?" घरी आत्याबाईंनासुद्धा सांगितलं, म्हणे टेपातली बाई चुकली आज.
आत्याबाई मला बाजूला घेऊन : "लई दिसानं असे खुलून बोलून राहिले ते." मग जरा थांबून, "बरं केलंस."
त्यांना काय माहीत आहे, किती माहीत आहे, विचारायचा धीर झाला नाही.

मंगळ. २५
सेट सकाळी चालूच होईना. शिंदेबाईंच्या भावाला शिव्या (मनात). भाईला फोन केला. "मॅडम, बंद करके चालू करो." मी केलं. "फिरसे करो." परत केलं. आठव्या वेळी धबधबा दिसला, नकाशा आलाच नाही. या धबधब्याचा मला आता तिटकारा आलाय. तोपर्यंत पावणेदहा. अख्खा रस्ता मीच बोलत होते : हळू, आता डावीकडे, मामा आता.
मामा म्हणाले, "तू बी टेपावाणीच बोलून राहिली."
तोंडातून निघून गेलं, "मग बोलू नको तर काय करू? चुकू देऊ?"
 उतरताना "येते मामा" म्हटलं, तर नुसती मान हलवली. माझी चूक. फार चुकलं आज माझं.

गुरु. २७
पाचला शाळा सुटली. मामा पावणेपाचलाच फाटकाशी असतात. आज नाहीत. सव्वापाच झाले. शाळेच्या शिपायाने कुलूप लावलं. मामांच्या बटणाच्या फोनवर आठ वेळा लावला, उचलत नाहीत. यांना लावायचा म्हणून नंबर काढला आणि परत ठेवला. दोनदा.
सहाला पाच कमी असताना गाडी आली. सेनगावकडून नाही, उलट्या बाजूने. मामा म्हणाले, "पंक्चर झाली व्हती." आवाज अगदी सहज.
स्टेपनी जागेवर, तिच्यावरची धूळ तशीच.
ते हापशावर तोंड धुवायला उतरले. मी पुढे बसले. स्क्रीनवर नकाशा तसाच उघडा, खाली त्यांनी आज बोलून शोधलेल्या जागांची यादी. वरून खाली :
सूनबाईची शाळा
सुनबाई शाळा
मास्तरीण बाई शाळा
सूनबाई शाळा मराठी
निर्मला
निर्मलाबाई शाळा
प्रत्येकाखाली एकच : काही सापडले नाही. त्याच्याही खाली एकदा नुसतं 'शाळा', आणि त्याला बाईने कुठली तरी इंग्रजी शाळा दिलेली, तिकडे वाशिम जिल्ह्यात. तिथे जाऊन, मग खुणा ओळखीच्या लागल्या तसे इकडे आले असणार.
आजच्या यादीत साखरा हे नाव कुठेच नव्हतं. म्हणजे आठवलंच नाही.
बारा वर्षांत मला त्यांनी नावाने हाक मारलेली नाही. सूनबाई, नाहीतर बाळूची बायको. माझं नाव त्यांना अजून येतं, हे मला त्या स्क्रीनवर कळलं. गावाचं गेलं.
मामा रुमालाने तोंड पुसत येत होते. मी घाईने यादी बंद केली. घरी येताना बाई बोलत होती आणि मामा भांडले नाहीत. ती म्हणेल तसं वळत गेले. हे भांडण नसणं मला सहन होईना. घरी आल्यावर पोळ्या लाटताना रडू आलं, आत्याबाईंना सांगितलं कांदा झोंबतोय. कांदा चिरलेलाच नव्हता.

शुक्र. २८
सकाळी अंघोळीआधी गाडीत जाऊन बसले. साखऱ्याची शाळा नकाशावर शोधली, तिला नाव दिलं : सूनबाईची शाळा. बोलून बघितलं. बाई म्हणाली, मार्ग सुरू करत आहे. अगदी चटकन.
स्वतःचाच राग आला. हा इलाज आहे की पांघरूण? काल वाशिम जिल्ह्यात गेले, उद्या कुठे? वर्गातली सव्वीस लेकरं रोज त्याच रस्त्याने घरी जातात, आणि मी काय करतेय, तर टेपाला नाव शिकवतेय. यांना सांगितलंच पाहिजे. आता हे नक्की.
मान वर केली तर मामा बाहेर उभे. हातात फडकं, पुढची काच पुसत होते. कधीपासून उभे होते माहीत नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टाकून राहिलीच आहेस, तर घर बी टाकून ठेव."
मी परत स्क्रीनकडे वळले. मग विचारलं, "काय नाव देऊ, मामा?"
"घर," म्हणाले. "तेवढं तरी ध्यानात राहील."
टाकलं.
रस्ताभर ते चांगले बोलले, कापसाचं, आत्याबाईंच्या गुडघ्याचं. फाट्यावर बाई बोलायच्या आधीच वळले. आणि माझ्याकडे बघून असे हसले की बस.
हे उद्या संध्याकाळी येणार. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे, सातला मामांबरोबरच निघायचं. यांना अजून फोन केलेला नाही.