प्रवेशपत्रावरचा चेहरा

नेर, शनिवार, संध्याकाळ

दुपारी सोनलने तिच्या भावाचं, रोहितचं, नीट परीक्षेचं प्रवेशपत्र हातात ठेवलं आणि सगळंच फिरलं. फोटोत दोघांचे चेहरे एकात मिसळलेले: डोळे माझे, जबडा रोहितचा. उद्या नागपूरला त्याच्या जागी मी बसायचं. वर्षभर तिच्या घरच्यांनी मला त्याला फिजिक्स शिकवायला बोलावलं, ती तयारी माझीच करून घेत होते का?

मी भडकलो. "पकडल्या गेलो तं?"

"कालेज तं सोडलंच तू, आता काय जाते तुह्यं?" ती हसली. "मंग बाबा आपल्या लग्नाले नाही म्हणतीन का?"

मी प्रवेशपत्र घडी करून खिशात ठेवलं. फोटोतला तो जबडा डोळ्यांपुढून हलत नाही.

नागपूरला न्यायला बाहेर गाडी आलीय. आईला एवढंच सांगितलं, पेपर आहे. तिनं हातावर दही-साखर ठेवली. "पुन्हा शिकून राह्यला का बाबू?"

निघतो, दार ओढून घेतो.