बेडकाचं घर

३ मे
घर बदललं. आता खरं फील्डवर्क. गुन्हेगारीशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी खाली सपाटीवर, बागवाल्या बंगल्यांत राहतात. मी वाल्पाराइसो बंदराच्या टेकडीवर, पत्र्याखाली, लोकांत. भाडं इतकं कमी की घरमालकीण फ्रेसिया बाईंना पुन्हा विचारून खात्री केली. म्हणाल्या, दमट आहे, कुणी टिकत नाही. दमटपणाला मी भीत नाही.
संकल्प : पहाटे उठून पुस्तक लिहायचं. नाव 'शिक्का आणि माणूस'. सिद्धांत सोपा. चोर जन्मत नाही. लोक एखाद्याला चोर म्हणतात, म्हणत राहतात, आणि एक दिवस तो होतो.

४ मे
उशिरा उठलो. धुकं. समुद्र दिसत नाही, जहाजांचे भोंगे मात्र अगदी उशाशी. पुस्तक उद्यापासून.

११ मे
काय नशीब! शेजारच्या ओतिलिया बाईंचा मुलगा नाझारियो तुरुंगातून आला. घरफोडी. पॅरोलवर आहे. गल्लीतल्या बायका त्याला पाहून पिशव्या छातीशी धरतात. अडाणीपणा. मी मुद्दाम पाकीट अर्धं बाहेर ठेवून त्याच्या समोरून गेलो. (रिकामं होतं, पण ते त्याला कुठे माहीत?)
वर्गात सांगून टाकलं. एकीने विचारलं, भीती नाही वाटत, सर? मी नुसता हसलो.

१९ मे
छप्पर गळतं. नाझारियो आपणहून म्हणाला, प्रोफेसर, मी पत्रे बसवून देतो, आत राहून तेवढीच एक विद्या आली. त्याला किल्ली दिली. घराची किल्ली! स्टाफरूममध्ये सांगितल्यावर शांतता पसरली. बहुधा आदराची.

२० मे
दुपारचं लेक्चर सोडून घरी. डोकं दुखत होतं. नाझारियो वर ठोकत होता. खाली सगळं जागच्या जागी. तपासलं असं नाही, सहज नजर गेली. कपाटातही सहजच गेली.

२७ मे
कुलूप बदललं. जुनं गंजलं होतं. नाझारियो विचारत आला, किल्ली लागत नाही. गंजाचं सांगितलं. त्याने नवं कुलूप पाहिलं. म्हणाला, छान आहे, महागातलं दिसतंय. महागातलं हे त्याला कसं कळलं? संशोधक म्हणून नोंदवतो, इतकंच.

२ जून
त्याची पावलं माझ्या दाराशी थांबली. मी आत श्वास रोखून. बऱ्याच वेळाने गेली. दार उघडलं तर उंबऱ्यावर फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. आईने पाठवलेला. खाल्ला. छान होता. मोकळ्या मनाने खाल्ला.

९ जून
टेकडीच्या केबलगाडीची तांब्याची तार चोरीला. म्हातारी माणसं जिने चढताना बसत-उठत येताहेत. फौजदार वेरगारा दारोदार फिरले. गल्लीत कुणी तोंड उघडेना. फ्रेसिया बाई म्हणाल्या, आम्ही झोपलो होतो साहेब, आम्ही नेहमीच झोपलेलो असतो. यावर एक प्रकरण होईल.
मी शिकलेला माणूस. शास्त्राला लपवाछपवी चालत नाही. मी एवढंच म्हणालो, की नाझारियोकडे शिडी आहे, पक्कड आहे, आणि छपरावर त्याचा पाय घसरत नाही. हा आरोप नव्हे, निरीक्षण आहे, हेही समजावलं. फौजदार हो हो म्हणाले आणि टोपी घालून उठले.

१० जून
पोलीस दिसताच नाझारियो पळाला. छपरावरून छपरावर. माझ्याही. मी खाली बसलेलो, डोक्यावर पत्रा धडधडला. खालच्या जिन्याशी धरला. निर्दोष माणूस पळेल का? (पुस्तकात याचं उत्तर 'पळेल' असं आहे. पण तो संदर्भ वेगळा.)

१८ जून
तार सापडली. दुरुस्तीच्या कंत्राटदाराच्याच माणसांनी विकली होती. चला, सुटला, म्हणून फौजदारांकडे गेलो. ते म्हणाले, पॅरोलवरचा माणूस पळाला म्हणजे पॅरोल रद्द, उरलेली शिक्षा आत. म्हटलं, पण त्याने केलं काय? म्हणाले, पळाला ना.
आता कायद्यापुढे मी काय करणार?
संकल्प : ओतिलिया बाईंना सगळं नीट समजावायचं. दारापर्यंत गेलो. आत भांडी घासण्याचा आवाज. परत आलो. कामात व्यत्यय नको.

२५ जून
ओतिलिया बाईंनी नाझारियोचा शर्ट धुऊन वाळत घातलाय. दोरी नेमकी माझ्या खिडकीसमोर. या धुक्यात काय वाळणार? वारा भरला की छाती फुगते, बाह्या उचलतात. पडदा ओढला.

२८ जून
तोच शर्ट पुन्हा धुतला. कुणी घातलेला नसताना. मी मान लववली. त्या म्हणाल्या, बरं आहे ना प्रोफेसर? छप्पर गळत नाही ना आता? बस, इतकंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
खरंच गळत नाही. एक थेंब नाही.

४ जुलै
पडद्यावर शर्टाची सावली. स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. म्हणजे लिहिणार आहे. पत्रे वाजतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग थांबतात, माझ्या डोक्यावर. ऊन पडलं की पत्रा फुगतो, साधं शास्त्र आहे.
आज ऊन नव्हतं.

१२ जुलै
बाजारात मागून आवाज : डराँव. वळलो. भाजीवाल्या आपापल्या कामात. पुढे गेलो. पुन्हा डराँव. चहाडखोराला आमच्याकडे बेडूक म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण मला का?
फ्रेसिया बाईंना जाब विचारला. त्या टोमॅटो पुसत राहिल्या. म्हणाल्या, नवं नाही हो, हे बेडकाचंच घर. लष्कराच्या राजवटीत इथे एक पोस्टातला माणूस राहायचा. सभ्य. सगळ्यांना वाकून नमस्कार. कोण कुणाकडे जातं, ते खिडकीतून बघून सांगायचा. समोरचे दोघे भाऊ नेले. परत आले नाहीत.
मी म्हटलं, बाई, आधी नाही सांगायचं? म्हणाल्या, सांगितलं असतं तर घेतलं असतंत? आम्हाला वाटलं, शिकलेला माणूस राहील, घराची पीडा जाईल.
अंधश्रद्धा.

१३ जुलै
खिडकीजवळ जमिनीच्या फळ्यांवर खुर्चीच्या पायांचे खळगे आहेत. खोल, वर्षानुवर्षांचे. माझी खुर्ची त्यांत बरोबर बसते. सगळ्या खुर्च्या साधारण सारख्याच असतात.
तिथून गल्ली मात्र छान दिसते.

२६ जुलै
वर्गातल्या फळ्यावर कुणीतरी बेडूक काढलेला. विषय शिक्क्याचाच होता. न पुसता शिकवलं. म्हटलं, शिक्का फक्त कमकुवत मनाच्या माणसाला चिकटतो. कुणी लिहून घेतलं नाही. दुकानात पाव संपला म्हणाले. फळीवर दिसत होता.
संकल्प : हे घर सोडायचं. पुढच्या आठवड्यात नक्की.

९ ऑगस्ट
किती दिवसांनी कुणीतरी दार वाजवलं. फौजदार वेरगारा. औषधाच्या दुकानाची काच फुटलीय म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, मी संशोधक, असल्या भानगडीत पडत नाही. तर तर, म्हणाले, आणि बसले. चहा केला. त्यांनी विचारलं, पुस्तक कुठवर आलं? आजवर कुणी विचारलं नव्हतं. खूप बोललो. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग सहज कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मेहुण्याचा विषय निघाला. तो हल्ली कधी येतो, कुणाबरोबर येतो. मला दिसतंच इथून. सांगितलं.
जाताना म्हणाले, शुक्रवारी पुन्हा येतो, प्रोफेसर. शुक्रवारी लेक्चर आहे. रद्द करीन. बिस्किटं आणायला हवीत, पण खालच्या बाजारातून. इथे मला कुणी देत नाही.