पहिल्या रांगेतली खुर्ची

सर, काल नात मला आपल्या कलाविभागात घेऊन गेली. "आजी, चलो ना, पहले फिल्म है, फिर नाटक भी है," म्हणाली. हॉल तोच आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर 'अतिथि' लिहिलेले कागद चिकटवले होते, ते पाहिले आणि माझे पाय दारातच अडले. नात म्हणाली, दम लागला का? मी हो म्हटलं. मग शेवटच्या रांगेत बसून मी सगळं पाहिलं आणि काहीही पाहिलं नाही. नाटक हिंदीत होतं, मुलं चांगली होती. मराठी कळणारी तिथे बहुधा मी एकटीच. आज सकाळपासून तुम्हांला लिहायला बसले आहे.

त्या काळी दर थंडीत आपली एक संध्याकाळ असायची. आधी तुमचं मराठी नाटक, मग चादरीवर सिनेमा. चादर दाना ओलीच्या गल्लीतून, तुमच्या घरून यायची, वहिनींनी इस्त्री केलेली. आणि पहिल्या रांगेत मधोमध मखमल घातलेली एक खुर्ची, दरबारांची, म्हणजे महाराजांची. महालातून कुणी आलेलं मी कधी पाहिलं नाही, पण त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दख्खनेतून येऊन इथे चाकरी केली, अशी म्हातारी माणसं तिला वाकून मुजरा करून मगच आपल्या जागी जायची. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, खुर्ची राहिली. त्या शेवटच्या वर्षी तर मध्यभारतही मोडायचा होता, राजधानी भोपाळला चालली होती, कचेऱ्यांतून कागदांच्या पेट्या भरत होत्या. तरी मी सकाळी मखमल झटकली आणि घातली. घाल असं कुणी सांगितलं नाही, आणि नको असंही कुणाला सुचलं नाही.

नव्या राज्यात आपला विभाग ठेवायचा की नाही, हे बघायला त्या दिवशी एक साहेब येणार होते. बाकीचे प्राध्यापक तुमच्या मागे लागले होते, "इस बार हिंदी में कर लीजिए, क्या बिगड़ता है?" तुम्ही हट्टाला पेटलात. कचेरी दुसऱ्या गावी गेली तरी रोज डबा घेऊन जुन्या कुलपासमोर जाऊन बसणारा तुमच्या नाटकातला कारकून; तो हिंदीत बोलायला लागला तर माझा राहणार नाही, म्हणालात. मला मात्र तालमीत सांगितलंत, "तो डबा उघडतो ना, तिथे लोक आधी हसतील. मग गप्प होतील. बघ तू."

मी लोकांना जागा दाखवत होते. साधा स्वेटर घातलेले एक गृहस्थ लवकर आले आणि थेट मखमलीवर बसले. मी म्हटलं, "आप यहाँ नहीं बैठ सकते, ये दरबार की कुर्सी है." त्यांनी शांतपणे मराठीत विचारलं, "दरबार येणार आहेत का?" मी म्हटलं, "येत नाहीत. पण खुर्ची त्यांचीच." ते उठले. "बरं बाई, मी मागे उभा राहतो." हॉल भरला, एक जागा उरली नाही, आणि ते खांबाला टेकून उभे राहिले. नाटक सुरू झाल्यावर शिपाई "साहब आए क्या?" विचारत आला, त्यांना पाहून त्यानं हात जोडले, तेव्हा मला कळलं, मी कुणाला उठवलं होतं. सिनेमा सुरू होताच ते निघून गेले. तुम्ही विंगेत होतात. तुम्हांला यातलं काहीच दिसलं नाही.

पुढे दोन ओळींचा हुकूम आला, कारण दिलेलं नव्हतं. विभाग बंद. तुम्ही मला बोलावून विचारलंत, "काय चुकलं गं?" मी खाली बघून म्हटलं, "साहेबांना मराठी कळलं नसेल, सर." एवढं एकच वाक्य. तुम्ही मान हलवलीत. "माझा हट्ट नडला," म्हणालात. त्यानंतर तुम्ही मराठीची एक ओळ लिहिली नाहीत. वह्या दाल बाज़ारातल्या दुकानदाराला दिल्यात, पुड्या बांधायला. विभाग पुढे पुन्हा उघडला, विद्यापीठाचा झाला, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. कंपू भागातल्या इस्पितळात मी शेवटची आले, तेव्हाही तुमचं तेच. "हिंदीत केलं असतं तर वाचलं असतं, नाही?" मी मोसंबं सोलत राहिले. तुम्ही तेच उराशी धरून गेलात, आणि मी इतकी वर्षं पोटभर जेवते, हसते, नातवंडांना गोष्टी सांगते. लाज वाटते, सर, आणि आता तिचा काही उपयोग नाही.

खुर्चीमुळे विभाग गेला, की निकाल भोपाळच्या फायलीत आधीच लागला होता, मला माहीत नाही. कदाचित मी खरं सांगितलं असतं तरी हुकूम फिरला नसता. हे पत्र कुठे धाडायचं तेही ठाऊक नाही. दाना ओलीतल्या तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात. घडी करून माझ्या कपाटात ठेवीन. मी गेल्यावर नातीच्या हाती लागेल, आणि तिला मराठी वाचता येत नाही.

पण त्या साहेबांना मराठी कळत होतं. कारकुनानं डबा उघडला तेव्हा मी त्यांच्याकडेच पाहत होते. ते हसले, सर. मग चष्मा काढून डोळे पुसले.